जास्वंदीची गवाही

शक्की मास्तर आधी हुंगत, मग बोलत. आमच्या उंबऱ्याशी थांबून ते मान तिरपी करत आणि आतल्या हवेला जणू तिचे नाव-गाव विचारत. दूध, धुतलेले धोतर, रांजणातले पाणी, कशावरच त्यांचा भरवसा नसे. तेरखेड्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. “नाक झूट बोलतं,” ते म्हणत, “त्याला गवाह पायजे.”

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर शाळेतली उर्दू गेली होती. मास्तरांच्या जिभेवरून गेली नव्हती. आमच्या खोलीमागे शोभेच्या दारूचा कारखाना होता. तिथे दिवसभर वाती पेटवून पाहत, आणि झरोक्यातून गंधकाचा घसा ओरखडणारा दर्प आत उतरे. आईला दमा होता. भाकरी थापताना तिच्या श्वासाची शीळ मला चुलीपल्याडही ऐकू येई. मास्तर म्हणाले, झरोक्यात कोळशाचा थर बसवू, तो दर्प शोषून घेईल. पण आधी परीक्षा. थर परीक्षेला उतरला तर राहायचे, नाहीतर आपल्या पोस्टातल्या नोकरीत बदली मागून गाव सोडायचे, असे वडिलांनी ठरवले.

पत्र्याच्या डब्यात तळाशी गंधक पेटवायचे, मध्ये फडक्यात कुटलेला कोळसा पसरायचा आणि वर जास्वंदीची पाकळी ठेवायची. गंधकाचा धूर पोचला की तिचा लाल रंग उडतो. तुरीच्या काड्यांचा कोळसा फसला, बाभळीचाही. मग येरमाळ्याहून आणलेल्या करवंट्यांचा कोळसा केला. पाकळी लालच राहिली!

“जमलं की, मास्तर! बसवा आता,” वडील म्हणाले.

“इतकं सरळ? मला शक हाय.”

त्यांनी थर काढून तीच पाकळी उघड्या धुरात धरली. तरीही ती लाल. ते माझ्याकडे वळले. “पोरी, फूल कधीचं?”

माझी मान खाली गेली. आमच्याकडे ताजे फूल आधी देवाला. परीक्षेला मी कालचे निर्माल्य दिले होते, आणि सुकल्या पाकळीचा रंग धुराने उडत नाही.

“लेकरू हाय, जाऊ द्या,” वडील म्हणाले.

“लेकरावर राग न्हाय. पण हाच थर मी वहिनींच्या उशाशी बसवला असता.”

सकाळी पूजेआधी आईने तबकातले दहिवरले फूल स्वतः उचलले.

“अगं, देव...” वडील पुटपुटले.

“देवाला दुपारी. आधी मास्तरांना.”

थरावर ठेवलेली ती ओली पाकळी कडेकडेने पांढरी होत गेली, राखेसारखी. आई म्हणाली, “कळलं तरी.”

वडिलांनी बेंबळीला बदली मागून घेतली. साऱ्या गावात न हुंगता मास्तर फक्त आईच्या हातचा चहा घेत. तेवढे एक घर त्यांच्याच परीक्षेने त्यांच्यापासून उठले. निघायच्या दिवशी ते बैलगाडीमागून वेशीपर्यंत चालत आले.

“माघारी फिरा आता, मास्तर. ऊन चढलं,” आई म्हणाली.

“मी जातोच, वहिनी. तुम्ही मात्र माघारी येऊ नका.”