टेकाडावरची पेंड

कारभारीण हे तिचं खरं नाव नव्हे. नदीकाठच्या शेजाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलेलं. तिनं चेष्टा मनाला लावून घेतली नाही आणि कारभारही सोडला नाही.

मागच्या पुरात तिनं स्वतःच्या हातानं म्हशींची दावी सोडली होती. दावं सुटलं की जनावर वाचतं, अशी सगळ्यांचीच समजूत. पण म्हशी अंगणात घुटमळल्या आणि पाणी चढताच, नवरा ओढत असतानाही, वळून थेट गोठ्यात शिरल्या. जिथं रोज पोट भरतं तिथं धोका नाही, एवढंच त्यांना ठाऊक. एक म्हातारी म्हैस कशीबशी तरली, बाकीच्या गव्हाणीपाशीच संपल्या. जमीन दुसऱ्याची, खंडानं कसलेली, त्यामुळे भरपाईच्या वेळी या दोघांना कोणी विचारलं नाही. तेव्हाच तिनं कानाला खडा लावला.

पुढं बहिणीनं दोन वगारी, म्हशीची तरणी पोरं, दिल्या, आणि कारभारणीनं पेंड गोठ्यातून उचलून घरामागच्या टेकाडावर नेली. रोज संध्याकाळी वर जाऊन ती पत्र्याचा डबा बडवायची. जी चढेल तिला पेंड. वगारी लवकर शिकल्या. म्हातारी मात्र ढिम्म.

"अगं, आज डोंगर चढायला शिकवतेस, उद्या म्हशींना शाळेत घालशील!" कुंपणापलीकडून जाऊबाई हसल्या.

"घालीन की. तुमच्याही पाठवा, फी घेणार नाही."

हसण्यावारी नेलं, तरी तिच्या जिवाला घोर होताच. नदी फुगायच्या आत म्हातारी चढायला शिकली नाही, तर पुन्हा तेच. आणि गंमत म्हणजे पेंडीवाचून राहिलेल्या या म्हशीची पाठ कशी तुकतुकीत!

एका दुपारी ती शेतातून अवचित परतली. गोठ्यात नवरा उभा, हातातलं घमेलं पाठीमागे लपवत.

"अहो, काय ते?"

"कुठं काय... जरा चाटण." मग मूग गिळून बसवेना. "तिचे गुडघे दुखतात गं. म्हातारपणी कशाला तिचे हाल?"

"पाण्याला येणार आहे का दया तिच्या गुडघ्यांची?"

"मी ओढत नेईन तिला वर."

"गेल्या वेळी ओढलीत ना? दावं तुमच्या हातात राहिलं आणि म्हैस आत."

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि गव्हाण फोडायला घेतली. ती गव्हाण त्याच्याच हातची. तो पुढं होऊन म्हणाला, "बाजूला सर, तुला नाही जमायचं." उरलेली त्यानंच फोडली.

म्हातारी रेकून रेकून घर डोक्यावर घेऊ लागली. नवऱ्यालाही घास जाईना. कारभारीण जेवली, भांडी घासली आणि संध्याकाळी डबा घेऊन वर गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या संध्याकाळी डबा वाजला तशी म्हातारी उठली. चार पावलं चढली, थांबली, मागं वळून गोठ्याकडे पाहिलं. नवरा खाली उभा. मग फुरफुरत, कुरकुरत ती एकदाची वर पोहोचली आणि वगारींना ढुशी देऊन पेंडीत तोंड खुपसलं.

नवरा धापा टाकत मागोमाग आला. "चढली गं! झालं एकदाचं!"

"अजून कुठं झालंय?" म्हशीच्या गुडघ्यांवरून हात फिरवत ती म्हणाली. "आज वाट कोरडी होती. उद्या खालून घागरी आणा, वाटेवर चिखल करू. आणि जाऊबाईंना सांगा, त्यांच्या म्हशी मागं लावून द्या म्हणावं."