तानूबाईच्या खानावळीतला एचडी

सिल्वासातल्या आमलीत तानूबाईची खानावळ कुणालाही विचारा, हात करून दाखवतील. धाग्याच्या कारखान्यांतली खानदेशी पोरं तिच्याकडे जेवायला असतात. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. बाई दोंडाईच्याकडची. नवरा रघुनाथ कारखान्यात लागला म्हणून सिल्वासाला आली, तो गेल्यावरही राहिली, आणि तव्यावरच्या भाकरीवर एकुलत्या सोनीला मोठं केलं.

बाईचा माणूस ओळखायचा एक हिशेब होता. परक्याशी हिंदी, दुकानदाराशी गुजराती आणि आपल्या माणसाशी अहिराणी. जो अहिराणीत बोलला तो आपला. त्याच्या पानात तूप जरा सढळ पडायचं आणि त्याचं सगळं खरं वाटायचं. या हिशेबानं तिला खोली मिळाली होती, गॅस मिळाला होता, रघुनाथ गेला तेव्हा खांदेकरीसुद्धा मिळाले होते. तेव्हा तिला भोळी म्हणून हसायचं कारण नाही. परमुलखात माणूस दुसरं काय बघणार?

सोनी नाशिकला कापडाच्या दुकानात कामाला. बरोबरीच्या पोरींसोबत खोली करून राहायची आणि संध्याकाळी एका भजनी मंडळात गायची. त्या मंडळाला टीव्हीवर बोलावणं आलं. पोरीनं लगेच आईला मोठा टीव्ही पाठवून दिला आणि फोनवर बजावलं, "आई, पहिल्या ओळीत नाही हं मी, दुसऱ्या ओळीत आहे. मला शोधून बघ. साधं कनेक्शन नको, एचडी घे."

तानूबाईला गाणं कमी आणि पोरगी जास्त बघायची होती. कितीतरी दिवसांत तिनं सोनीचं तोंड पाहिलं नव्हतं. पोरीच्या फोनचा कॅमेरा म्हणे बिघडलेला, आणि सुट्टी म्हणे मिळत नव्हती. जेवतेस का विचारलं की 'भरपूर' म्हणायची. खानावळ चालवणाऱ्या बाईला 'भरपूर' या शब्दावर विश्वास नसतो. कामावरून येणारं प्रत्येक पोर तेच म्हणतं आणि दोन भाकऱ्यांत उठतं.

आता एचडी कुठून आणायचा? छपरावर रघुनाथनं हौसेनं लावलेला अँटेना होता. आधी तिनं तोच जोडून बघितला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यातून आता काही येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, तिला नव्हतं. मग डबा न्यायला येणाऱ्या अरुणाताईंना विचारलं. त्या नाशिकच्या, नवरा कारखान्यात इंजिनिअर. त्या म्हणाल्या, "मावशी, डिशची छत्री बसवून घ्या. आणि केबलच घेणार असाल तर बॉक्स एचडीचा आहे ना, ते आधी बघून घ्या. नुसत्या सांगण्यावर जाऊ नका." सल्ला सरळ होता, पण शुद्ध मराठीतून आलेला. तानूबाईला त्यात ऐट दिसली.

आणि मग पप्पू आला. पप्पू केबलवाला, तिच्या माहेरच्या शेजारच्या गावचा. दुपारचं जेवण रोज तिच्याकडे. गरम भाकरी मोडत म्हणाला, "मावशी, छत्रीनं नाव काढू नको. पाऊस उना का बंद. मी शे ना! तुले एचडी लाई देस."

झालं. अरुणाताईंचा सल्ला तिथंच निकालात निघाला.

पप्पूनं बॉक्स आणला, जोडला आणि रिमोटवर काहीतरी दाबून चौकोनी चित्र ओढून पडदाभर पसरवलं. पोरं जेवायला बसली तशी कुरकुरायला लागली. बातम्यावाली जाड कशी झाली? हिरोचं तोंड भाकरीसारखं का दिसतंय? पप्पू तोऱ्यात म्हणाला, "यानंच नाव एचडी. पहिला टीव्ही माणूस चोरी ले. हाऊ पुरा दखाडस." तानूबाईनं पोरांनाच दटावलं. फुकट बघायला मिळतंय तर नावं ठेवता काय रे?

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. तानूबाईनं चूल लवकर आवरली, नवं लुगडं नेसली आणि पाटावर टीव्हीसमोर बसली. दुसऱ्या ओळीत, हातात टाळ घेऊन, सोनी! चित्र जरा धुरकट होतं, पण गाल कसे भरलेले, मान कशी गुबगुबीत! तानूबाईच्या डोळ्यांना धार लागली. पोरगी जेवते. भरपूर म्हणजे खरंच भरपूर जेवते. आठवड्याभरात नाशिकला जाऊन यायचं तिच्या मनात होतं, ते तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं तूप सुटेपर्यंत शिरा परतला आणि सगळ्यांना वाढला. पप्पूनं दोनदा मागून खाल्ला. ती म्हणाली, "दखी का मन्ही पोर? कितली भराई गई!" तर वाटी चाटत हा म्हणाला, "दृष्ट काढी टाक, मावशी."

तिनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्यासुद्धा.

पुढे काही दिवस पप्पू आला नाही. जयाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ताप आल्याचं कळलं. तानूबाईनं मऊ खिचडी केली, डबा बांधला आणि रिक्षानं राखोलीला गेली. पप्पूच्या घरी ती कधी गेली नव्हती, तोच नेहमी यायचा. घराच्या गच्चीवर चांगली मोठी छत्री होती. केबलवाल्याच्या घरावर छत्री कशी असेल, शेजाऱ्याची असेल, असं तिनं स्वतःच स्वतःला समजावलं.

आत टीव्ही चालू होता. पडद्यावर तेच भजन, पुन्हा दाखवत होते. जया पांघरुणातून उठून बसली आणि म्हणाली, "ये व मावशी, बठ. तुन्ही सोनी लागनी देख."

तानूबाईनं पाहिलं. चित्र काचेसारखं लख्ख. पहिल्या ओळीतल्या बायका बायकांसारख्या दिसत होत्या, भाकरीसारख्या नाही. आणि दुसऱ्या ओळीत सोनी. गाल बसलेले. डोळ्यांखाली काळं. गळ्याची हाडं वर आलेली. टाळ धरलेल्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

जया आपल्या भाबडेपणानं बोलतच होती. "कितली वाळी गई व पोर! मी त्याच दिन यासले सांगं, मावशीले सांगा म्हनीसन. यास्नी सांगं नही का तुले?"

पप्पू दारात उभा होता. खाली मान घालून.

म्हणजे यानं पाहिलं होतं. याच लख्ख चित्रात, त्याच रविवारी. आणि दुसऱ्या दिवशी शिरा खाल्ला होता. सांगितलं असतं तर बॉक्सचं बिंग फुटलं असतं, म्हणून गप्प राहिला. खोटा एचडी तानूबाईनं एक वेळ गिळला असता. पण पोरीची दृष्ट काढ म्हणाला होता तो! इतकी वर्षं ज्या हिशेबावर ती जगली, तोच फसवा निघाला होता.

तिनं डबा जयाजवळ ठेवला, कारण ताप जयाला होता. रस्त्यावर येऊन सोनीला फोन लावला. "खरं सांग," एवढंच म्हणाली. पलीकडे पोरगी रडायला लागली. कावीळ झाली होती. अजून अन्न जात नव्हतं. तू खानावळ बंद ठेवून धावत येशील म्हणून सांगितलं नाही, म्हणाली.

खानावळीच्या दाराला तानूबाईनं त्याच दुपारी कुलूप घातलं. डाळ-तांदूळ, मेतकूट आणि साजूक तुपाची बरणी पिशवीत भरून स्टँडवर गेली. नाशिकची गाडी लागलेलीच होती. तेवढ्यात पप्पू मोटारसायकल घेऊन धापा टाकत आला आणि गाडीच्या दारात आडवा झाला.

"मावशी, चुकनं मन्हं. उद्याच छत्री लाई देस, फुकट. तू मन्ही मायसारखी शे व. काही तरी बोल ना!"

तानूबाईनं पदर खोचला. त्याच्याकडे पाहिलं, आणि रिक्षावाल्याशी, हवालदाराशी, ओळख ना देख अशा कुणाशीही बोलावं तशी बोलली.

"भैया, रास्ता छोडो. मेरेको बेटी के पास जाना है."

पप्पू बाजूला झाला. ती गाडीत चढली आणि खिडकीपाशी पिशवी मांडीवर घेऊन बसली.