होय म्हणणारं माणूस

जर्मनीला परत जायचं तिकीट काढून झालं होतं, आणि माझ्या फोनमध्ये तिथली नोकरी नाकारणारा ईमेलही लिहून तयार होता. आठ दिवस तो ड्राफ्टमध्ये पडून होता. घरात कुणाला माहीत नव्हतं. मी तशी फार बोलणारी नाही. मनातलं सांगायची वेळ आली की मला आधी इंग्रजी शब्द सुचतात, आणि आमच्या घाटकोपरच्या घरात इंग्रजीतून मन मोकळं केलं तर आई आधी ताप बघेल.

दोन वर्षांपूर्वी शिकायला गेले तेव्हा बाबांनी गाऱ्हाणं घातलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे नारळ ठेवून देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एक जण मागणं मांडतो आणि दर वाक्याला बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. आमचं मूळ कोकणातलं. आजोबा गिरणीत कामाला आले, बाबांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, पण गाऱ्हाणं घालताना त्यांची मालवणी जशीच्या तशी बाहेर यायची. बिल्डिंगमध्ये कुणाची दहावी असो, कुणाची नवी रिक्षा असो, बोलावणं बाबांनाच. त्या दिवशी आमचा हॉल माणसांनी भरला होता. बाबा म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या चेडू परक्या मुलखात शिकाक जाता, तेका सांभाळून घे रे म्हाराजा!” सगळ्यांनी होय म्हटलं. मी ओठ हलवले. शाळेपासून मला या सगळ्याचा संकोच वाटायचा. बाबांच्या ते लक्षात आलं. “मोठ्यान म्हण गो बाये. होय म्हणणारो नसलो तर गाऱ्हाणां देवापर्यंत पोचतला कसा?” सगळे हसले आणि मी आणखीच गप्प झाले.

या वेळी पदवी घेऊन, नोकरी पक्की करून दीड महिन्यासाठी घरी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात बराचसा परत आला, काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि शब्दच सापडायचा नाही. मग ते चिडून खिडकीकडे बघत बसायचे. कंपनीने रुजू होण्याची तारीख एकदा पुढे ढकलली होती, दुसऱ्यांदा ढकलणार नव्हती. नातेवाईक म्हणत, जा. शेजारी म्हणत, कशी जाशील? आई काहीच म्हणत नव्हती. आणि ज्या एका माणसाचा होकार मला हवा होता, त्याला होय म्हणता येत नव्हतं.

निघायला चार दिवस उरले तेव्हा आईने माझ्या हातात नारळ दिला. “जा, खालच्या देवळात ठेवून ये. बाबांनाही ने, तेवढंच चालणं होईल.” टेकडीच्या पायथ्याशी गणपतीचं छोटं देऊळ आहे. दुपारचे चार वाजले होते. देवळात एक बाई सोडून कुणी नव्हतं. साठीच्या असाव्यात, ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी बाबांना खुर्चीत बसवलं, नारळ ठेवला आणि तशीच उभी राहिले.

“काय गो, अशीच उभी रवतलंस?” त्या म्हणाल्या. “गाऱ्हाणां घाल मगे.”

“मला येत नाही. बाबा घालायचे, पण आता त्यांना बोलता येत नाही.”

त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं. “तुका येता तसा सांग. देव काय पेपर तपासूक बसलो नाय. होय मी म्हणतंय.”

मी सुरुवात केली ती शाळेत रजेचा अर्ज लिहावा तशी. देवा महाराजा, माझं शिक्षण पूर्ण झालं आहे. “होय म्हाराजा.” मला त्याच शहरात नोकरी मिळाली आहे. “होय म्हाराजा.” बाबांची तब्येत बरी नाही, त्यांना सांभाळ. “होय म्हाराजा.” इतकंच ठरवलं होतं. पण समोरून होय येत गेलं की माणूस पुढे बोलत जातो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणाले, मला जायचं आहे. बाबा असे असतानाही जायचं आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

त्या बाई काही बोलल्या नाहीत. मेथीवरचा त्यांचा हात थांबला होता. आणि माझ्या बाजूने, काठी घट्ट धरून, बाबा म्हणाले, “होय म्हाराजा.”

जुन्या आवाजात. स्पष्ट.

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. “आयकलंस मा? आता रडतंस कित्याक?” असं म्हणून बाई पुन्हा मेथीकडे वळल्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मी नावही विचारलं नाही. नंतर आईने चौकशी केली, पण कुणी त्यांना ओळखत नव्हतं. कुणाकडे पाहुण्या आल्या असतील.

बाबांना बोलण्याचे व्यायाम देणाऱ्या ताई म्हणाल्या की वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द कधी कधी असे आधी परत येतात. त्यांचं बरोबरच असणार. मग आधीच्या तीन वाक्यांना बाबा गप्प का राहिले, हे मी त्यांना विचारलं नाही. काही गोष्टी मिळाल्या तशा ठेवून घ्याव्यात. त्या दिवशी देवळातून घरी येताना जिन्यातच मी तो ईमेल पुसून टाकला.

आता मी इथे, जर्मनीत आहे. बाबांना अजून दहा-बाराच शब्द येतात, आणि त्यांना सोडून आल्याची टोचणी पूर्ण गेलेली नाही. पण ती मी एकटीने उचलत नाही. निर्णय माझा होता. त्याचं ओझं कुणाच्या तरी पायाशी ठेवता येतं, एवढं त्या दुपारी कळलं. दर रविवारी आई फोन देवासमोर धरते, नारळ तिकडे असतो आणि गाऱ्हाणं मी घालते. अजून चुकतेच. बाबा होय म्हणतात, तेव्हा मीही म्हणते, मोठ्याने. भिंतीपलीकडच्या जर्मन आजींना ऐकू जात असेल. जाऊ दे.