सर्वानुमते मंजूर

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. तरी नेरूळच्या आमच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं.

इमारत पाडून नवी बांधायची, त्या सभेला हॉल गच्च भरला होता. तिसऱ्या मजल्यावरचे काका हात वर करून एकच विचारत राहिले, "बिल्डर कुठल्या मीटिंगमध्ये ठरला?" बिल्डर आम्ही कमिटीच्या पाच जणांनी चहा पिता पिता ठरवला होता. ते सांगायचं सोडून मी माइकवरून ओरडलो, "काका, आज गोळी घेतली का?" ते डोक्याच्या डॉक्टरकडे जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. हॉल खदखदून हसला.

काकांनी पुन्हा हात वर केला. मग मात्र माझं डोकंच फिरलं. स्टेजवरून खाली उतरून त्यांची कॉलर धरली आणि मुस्काटात हाणली. एक, मग दुसरी. चष्मा उडाला. "अरे येडा हाय हा, बाहेर काढा!" म्हणत मागून कुणीतरी खुर्ची फेकली, तिचा पाय काकांच्या कपाळावर बसला. रक्त शर्टावर आलं. चार जणांनी त्यांना ओढत लिफ्टपर्यंत नेलं. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. घरी येऊन त्याच हाताने सभेची मिनिट्स लिहिली: चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.

त्यानंतर माझी झोप गेली. घरात भांडी फेकू लागलो. एकदा बायकोच्या अंगावर कुकरचं झाकण फेकलं, मुलगी मध्ये आली. तिच्या भुवईला टाके पडले. बायकोने मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, काकांच्याच डॉक्टरकडे. तेव्हापासून शर्टाच्या खिशात माझीही गोळ्यांची स्ट्रिप असते. बाहेर मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर यापुढे माझं कोण ऐकणार?

पुढच्या सभेत आधी मागची मिनिट्स वाचून कायम करायची होती. मी 'सर्वानुमते' वाचलं आणि काकांचा हात वर गेला. कपाळावर पांढरी खूण होती.

"मला मारलं, ते कुठं लिहिलंय?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, गोळी घेतली का?" हॉल हसायला लागला.

"मी घेतली," मी म्हणालो. स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. "सकाळीच."

हसणं थांबलं. मी 'सर्वानुमते' खोडलं आणि खाली लिहिलं: सेक्रेटरीने सभासदास मारले.