कमरेचं पिस्तूल

नव्या चामड्याच्या पट्ट्याचा वास आला की मला बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या भाऊजींची कंबर आठवते आणि डोकं फिरतं. मुकुटबनजवळच्या आमच्या वावरात रोही, म्हणजे नीलगाई, तूर खाऊन टाकत होते, म्हणून बाबांनी वनखात्याकडून एक रोही मारायची परवानगी आणली होती. त्या सकाळी तुरीवर दहिवर पडलं होतं. बाबा जुनी बंदूक खांद्यावर टाकून निघाले, तर वणीहून आलेले भाऊजी कमरेच्या नव्या चामडी पट्ट्याला पिस्तूल लटकवून मागे आले. "डुक्कर अंगावर आलं तं कामी येते," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "जावईबापू, एका बंदुकीचा नेम धरता आला तं कमरेले दुसरी कायले पायजे? ठेवा घरी." ते हसले, आणि जावयाला दुसऱ्यांदा टोकायची आमच्याकडे रीत नाही. रोही बांधावर आला, बाबा नेम धरतच होते, तेवढ्यात भाऊजींनी पिस्तूल झाडलं. रोह्याचा मागचा पाय मोडला आणि तो तीन पायांवर जंगलात पळाला. "जाऊ द्या ना मामाजी, मरते तो कुठी तरी," असं बाबांना म्हणत भाऊजी चहाला घरी परतले. बाबा मात्र रक्ताचे थेंब शोधत दुपारपर्यंत उन्हात चालले, मी त्यांच्या मागे, आणि नाल्यात पडलेल्या त्या जनावराला त्यांनी एका बारात सोडवलं. परवा एका लग्नाच्या पंगतीत भाऊजी ती शिकार आपली म्हणून रंगवून सांगत होते. मी वाढता वाढता थांबलो आणि म्हणालो, "भाऊजी, तो तीन पायांवर पळाला तवा तुमी कुठी गेलते, थेही सांगा."