देवीच्या वाटेवरची बट्टी

खरं सांगते, त्या वर्षी मी देवीवर चांगलीच चिडले होते. मुलगी आजारी असताना मी नवस बोलले होते, की तीन वर्षं चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगीच्या गडावर पायी येईन. मुलगी खडखडीत बरी झाली आणि पहिल्याच वर्षी वाटेत माझ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टर म्हणाले पित्त, शेजारीण म्हणाली ऊन, आणि सासूबाई म्हणाल्या, नवसात काही खोट असेल. घरी मला कधी काही होत नसे. गव्हाची दाल-बट्टी पोटभर खाऊन मी दुपारी खुशाल झोपत असे. म्हणजे दुखणं येणार ते फक्त देवीकडे निघालं की! याला काय म्हणायचं?

आमच्याकडे गडावर पायी जाणाऱ्याला कुठलंही गाव उपाशी जाऊ देत नाही. दुसऱ्या वर्षी मालेगावच्या अलीकडे एका ओट्यावर पंगत बसली होती. "दोन बट्ट्या तरी खाय व माय," म्हणत एका बाईने वरून तूप ओतलं. खाल्लं आणि लगेच चालू लागले. थोडं पुढे जाते तो तळवे खाजू लागले, घसा आवळला आणि मी रस्त्याच्या कडेला कोसळले. आमच्या पायी जथ्यातले वडीलधारे आबा म्हणाले, "देवीना कोप शे, नारळ फोडा." मला बोलता येत नव्हतं, नाहीतर आबांना तिथेच ऐकवलं असतं.

तेवढ्यात समोरून आलेली एक जीप इंजिन तापलं म्हणून तिथेच थांबली. आत डॉक्टर होते, दर्शन घेऊन परतणारे, बॅगेसकट. त्यांनी दंडात इंजेक्शन दिलं, इंजिन निवताच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी दोन्ही वर्षी काय खाल्लं, कधी चालले ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "ताई, गहू खाऊन बसलात तर काही नाही. गहू खाऊन चाललात तर जीव जाईल. यात्रेत गहू बंद."

पण लोकांना कोण सांगणार? तिसऱ्या वर्षी ओट्याओट्यावर तोच आग्रह, "एका घासनं काय व्हस?" शेवटी वैतागून मी म्हटलं, "उपास शे, माय." त्या बाईने लगेच ताट मागे घेतलं, भगर आणून वाढली आणि माझ्याच पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिथून गडापर्यंत मी खरंच उपास धरला.

अंगावर एक गांध उठली नाही. गडावर देवीसमोर उभी राहिले तेव्हा भांडायचं म्हणून ठरवलेलं काहीच आठवेना. डोळे भरून आले आणि हात आपोआप जोडले गेले.