लारुआ म्हणणारे गायकवाड सर

पाण्याच्या ड्रममध्ये बॅटरीचा झोत टाकला, की गायकवाड सर हळूच म्हणत, "लारुआ." हिवताप विभागातले आम्ही बाकीचे डासाची अळी म्हणत असू आणि रिपोर्टात लार्वा लिहीत असू.

सर तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते. ते राहिलं, लॅटिन तेवढं सोबत आलं. एकदा फेरीतल्या चहाला त्यांनी मला सांगितलं, की फार जुन्या लॅटिन नाटकांच्या पद्यात हा शब्द तीन तुकड्यांत म्हणायचे, ला-रु-आ. पुढे मधला स्वर झिजून लार्वा झाला. अर्थ किड्याचा नव्हताच. शांती न मिळालेला, भटकणारा मेलेला माणूस. मग भुताचा मुखवटा. फार उशिरा कुणा शास्त्रज्ञाने तो अळीला दिला, कारण खऱ्या किड्याचं रूप तिच्याआड झाकलेलं असतं. "आपण भुतंच शोधतो मॅडम, पगारी," ते म्हणाले. मी हसले आणि पुढच्या घराचा नंबर वाचला.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी ड्रम. एका हंगामात सुमनबाईंचा मुलगा डेंग्यूने गेला, आणि त्याने भरलेल्या ड्रमला त्या कुणाला हात लावू देईनात. शेजारची पोरं तापाने फणफणली होती. मी ड्रम ओतायचा नियम सांगितला, नोटिशीचं बोलले. बाई ड्रमला टेकून उभ्या.

"त्यानं भरलंय. हितं वाकलं की त्यो दिसतो," त्या म्हणाल्या. "वतल्यावर कुटं बगू?"

सर ड्रमवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मला आत फक्त वळवळ दिसत होती. मग त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"गणेश."

"त्याला कोंडून ठेवू नका, बाई. तुम्हीच हाक मारा. आम्ही वाट देतो."

खेळातून पोराला जेवायला बोलवावं, तशी बाईंनी हाक मारली. सरांनी ड्रम कलता केला. तापल्या फरशीवरून पाणी दाराकडे निघालं, तसे सर टोपी काढून उंबऱ्यापासून बाजूला झाले आणि कुणी पुढून जाईपर्यंत थांबावं तसे थांबले. मीही भिंतीला पाठ लावली. बाईंची नजर पाण्यावर नव्हती. ती दारातून बाहेर, गल्लीत, हळूहळू लांब जात होती.

सर आता नाहीत. नवे सुपरवायझर मला विचारतात, की ड्रम ओतताना मी कुणाला दारात का उभं राहू देत नाही. मी सांगते, पाणी नीट जावं म्हणून.